सकाळचे ठोके

परवा सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. इंग्रजीत होता. एरवी आम्ही सगळे मराठीत शुभेच्छा देतो, फुलं पाठवतो, पण कुणाला सुनवायचं असलं की इंग्रजी बाहेर निघतं. बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर रोज सकाळी जो 'रकस' चालतो तो कृपया थांबवावा, असं लिहिलं होतं. खाली जोडलेले हात. तिसऱ्या मजल्यावर घरं दोनच. एक कुलकर्ण्यांचं, जिथे दारसुद्धा कुणी झोपलंय असं समजून लावतात. दुसरं आमचं.

रकस हा शब्द मी आजवर तोंडाने उच्चारलेला नाही. अर्थ साधारण माहीत होता. तरी चहाचा कप हातात धरून मोबाईलवर शब्दकोश उघडला. शिवी कळली तरी माणसाला तिची फोड करून बघावीशी वाटते ना, तसलाच प्रकार. गलका, गोंगाट, कल्ला, हुल्लड, धिंगाणा, असे अर्थ एकाखाली एक आले. मी एकेक घेऊन बघितला. गलका शाळा सुटल्यावर होतो. गोंगाट शालिमार चौकात, रिक्षावाले गिऱ्हाइकांवर तुटून पडतात तिथे. हुल्लड म्हणजे रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाड उघडतात आणि पोरं त्या रंगाच्या हौदात धडाधड उड्या टाकतात ती. धिंगाणा वरातीत. यातल्या कुठल्याच शब्दात माझे वडील बसत नव्हते. आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, बाल्कनीत पाटावर बसलेला, गुडघ्यावर तांब्याची परात उपडी घेऊन तिच्यावर हातोडीचे ठोके देणारा म्हातारा माणूस हा कुठला धिंगाणा घालतो?

पण मेसेज त्यांच्याबद्दलच होता. मी मुकाट्याने 'सॉरी, काळजी घेऊ' असं लिहून टाकलं. मीही हात जोडले. मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसत राहिले. कान गरम झाले होते. या वयातही माझे कान लगेच गरम होतात.

आण्णा, म्हणजे माझे वडील, तांबट. जुन्या नाशकातल्या तांबट आळीत त्यांचा जन्म गेला. जिना चढवेना, एकट्याने खाणंपिणं होईना, म्हणून दिवाळीनंतर आम्ही त्यांना गंगापूर रोडला आमच्याकडे आणलं. ह्यांनी स्वतःहून खोली रिकामी करून दिली, रंगबिंग लावला. आण्णांनी सामान काय आणलं, तर दोन धोतरं, देव, एक हातोडी आणि ती परात. कान त्यांचे केव्हाच गेलेत. साऱ्या तांबटांचे जातात. कानात घालायचं यंत्र आणलं होतं, ते त्यांनी चार दिवस घालून डबीत ठेवलं. म्हणाले, "यात सगळं सारखंच ऐकू येतं. पंखा पण आणि तू पण."

पहिल्याच दुपारी त्यांनी मला मेल्याहून मेल्यासारखं केलं. जेवणं झाली होती, मी जरा पडले होते. दाराचा आवाज आला म्हणून उठून बघते तर आण्णा टोपी घालून समोरच्या दारात उभे. कुलकर्णी काकांनी स्वतःच दार उघडलं होतं. त्यांचं नुकतंच हृदयाचं ऑपरेशन झालेलं, छातीला पट्टा, अंगात बंडी. आणि आण्णा त्यांना त्यांच्या त्या आवाजात विचारत होते, "कोण गेलं हो?"

काकांचा चेहरा मी विसरू शकत नाही. मी आण्णांना दंडाला धरून आत आणलं, पुन्हा जाऊन माफी मागितली. काकू म्हणाल्या, "असू दे गं, वयस्कर आहेत." त्या असू दे म्हणतात तेव्हा नसू दे असं ऐकू येतं. मी आण्णांवर चिडले. ते गोंधळून गेले होते. "अगं एवढी माणसं राहतात इथं," ते म्हणाले, "आणि कुठूनच काही आवाज नाही. मला वाटलं, आपल्याला कुणी सांगितलं नाही, आपण नवीन, आपणच जाऊन विचारावं."

हे कुलकर्ण्यांना समजावून सांगायचं तर आख्खी तांबट आळी समजावून सांगावी लागली असती. ते मला जमणारं नव्हतं. खरं म्हणजे मला सांगायचंच नव्हतं.

मेसेज आला त्या दिवशी मी ऑफिसातून अर्धी रजा टाकून आळीत गेले. मनात एक बेत होता. आण्णांना सकाळचा तास-दोन तास तिथे कुणाच्या दुकानात बसू द्यावं, काय ठोकायचं ते ठोकून घेऊ द्यावं, मी रिक्षाने आणीन-नेईन. रविवार कारंजाला उतरले आणि पाय आपोआप वळले. आमच्या लहानपणी इथे उतरलं की डोळे मिटले तरी चालायचं. कारंजावरच आळी कानात शिरायची, आणि दहा पावलांवर नाकात. चिंचेच्या कोळाचा आंबट वास, कल्हईच्या नवसागराचा धूर, तो डोळ्यांत झोंबायचा, आणि तापल्या तांब्याचा वास, जिभेवर जुना पैसा ठेवल्यासारखा. शाळेच्या गणवेशाला तो वास यायचा. डब्यातल्या पोळीला यायचा. आई केसांना कितीही शिकेकाई लावो, माझ्या वेण्यांना यायचाच.

आणि ठोके. सकाळी उजाडलं की सुरू. बंबाचा पत्रा ठोकायचा तर जड, अंगात शिरणारा आवाज. घागरीचं पोट घडत असलं की घुमणारा. सिंहस्थ जवळ आला की लहान लहान गडू, यात्रेकरू गोदेचं पाणी भरून न्यायचे ते, त्यांचा नुसता किणकिणाट. आणि भांडं पुरं झालं की त्याच्या अंगावर दाट, एकसारखे, बारीक ठोके द्यायचे, त्याला मठारणं म्हणतात. मठारलेलं भांडं उन्हात धरलं की अंगभर चंद्रकोरी दिसायच्या. आण्णा मठारायला बसले की आई म्हणायची, आता तासभर बोलायचं काम नाही. तिला तेवढीच विश्रांती.

कारण बोलायचं म्हणजे ओरडायचं. आमच्याकडे लाडात बोललं तरी पलीकडच्या गल्लीत भांडण वाटायचं. 'मीठ दे' हेसुद्धा दरोडा पडल्यासारखं. त्यात काही वावगं आहे हे मला सहावीपर्यंत ठाऊकच नव्हतं. मग शुभा आमच्या घरी आली. शुभा डॉक्टरांची मुलगी, गंगापूर रोडला त्यांचा बंगला, आणि ती बोलायची ते कान पुढे करून ऐकावं लागायचं. तिला मी मोठ्या कौतुकाने घरी आणलं. खाली ठोके चाललेले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, पदराला हात पुसले आणि तिच्या अंगावर ओरडली, "दूध घेशील का गं?" शुभाचे डोळे भरले. मला हळूच म्हणाली, "तुझी आई रागावली का? मी जाऊ का?"

त्या दिवशी मी शिकले. मी हळू बोलायला लागले. वर्गात उत्तर येत असलं तरी ओठ अर्धेच उघडायचे. आई शाळेत न्यायला यायची म्हटली की मी घंटा होताच फाटकाबाहेर पळायचे. मला बघायला पाहुणे आले तेव्हा मी आईला बजावून ठेवलं होतं की हळू बोल. ती बिचारी इतकी धास्तावली की बोललीच नाही. नुसती हसून पोह्यांच्या बशा पुढे करत राहिली. माझ्या सासूबाईंचा कितीतरी दिवस समज होता की विहीणबाई मुक्या आहेत. लग्नानंतर आम्ही हा किस्सा हसून सांगायचो. आईसुद्धा हसायची, तोंडावर पदर धरून, आवाज न करता. ते आठवलं की मला अजून कसंतरी होतं.

आळीची एक रीत होती. कुणाच्या घरचं कुणी वारलं की त्या घरचा हातोडा थांबायचा. शेजारच्याला ते लगेच कळायचं, तो हातातला ठोका अर्धा ठेवायचा. मग त्याच्या शेजारचा. बघता बघता आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं गप्प. मग माणसं ओट्यांवर यायची आणि एकमेकांना विचारायची, कोण गेलं? निरोप पाठवायची गरजच नव्हती. आणि म्हणूनच अमावास्येला, काम बंद असायचं त्या दिवशीसुद्धा, आंघोळ झाली की प्रत्येक घरातला कर्ता माणूस हातोडी घेऊन एखाद्या भांड्यावर चार ठोके द्यायचा. इथून तिथून, सगळीकडून. आमच्या घरी सगळं ठीक आहे. तुमच्याकडे? आमच्याकडेही ठीक. मग सगळे आपापल्या सुट्टीला मोकळे.

आण्णा आमच्या बाल्कनीत तेच करतात. फक्त चार ठोक्यांवर भागत नाही, कारण ते त्यांना स्वतःला ऐकू येत नाहीत. ऐकू येईपर्यंत ते ठोकत राहतात, आणि जोर वाढवत नेतात. मग परात खाली ठेवतात आणि वाट बघतात. कशाची, ते मला ठाऊक आहे. कुठूनतरी उलटे ठोके येतील याची. समोरच्या इमारतीतून, खालून, कुठूनही. तो शब्दकोश तयार करणाऱ्यांनी बरेच अर्थ गोळा केलेत, पण हा त्यात नाही, आणि मी तो ग्रुपवर टाकू शकले नाही.

आई गेली तेव्हा माझं लग्न होऊन सातेक वर्षं झाली होती. ती बरेच दिवस अंथरुणाला होती. त्या दिवशी मी तिच्यासाठी मुगाची खिचडी करून डबा घेऊन निघाले. मोबाईल तेव्हा नव्हतेच. बसमधून उतरले, कोपऱ्यावर वळले, आणि काही ऐकू येईना. आधी वाटलं आज अमावास्या असेल. मग वाटलं सिनेमाची गाडी जाहिरात करत गेली असेल, सगळे बघत उभे असतील. असलं काहीही वाटून घेतलं. डबा गरम होता, तो मी दोन्ही हातांनी पोटाशी धरला. आळीच्या तोंडाशी उभी राहून मी मनात म्हणत होते, कुणीतरी एक ठोका द्या. एकच द्या, मी पुढे येते. लहानपणी याच आळीत पोटमाळ्यावर उशीत डोकं खुपसून मी देवाजवळ मागायचे की हा आवाज एकदाचा बंद कर. बंद झाला होता. ओट्यांवर सगळी माणसं उभी होती आणि कुणीही मला काही सांगितलं नाही. सांगायला लागलंच नाही.

परवा गेले तेव्हाही आळी गप्पच होती. पण ती गप्प झाल्याला आता इतकी वर्षं झाली आहेत की कुणी बाहेर येऊन विचारत नाही. स्टील आलं, मग पत्रा दाबून भांडी काढणारी यंत्रं आली, एकेक हातोडा खाली बसला. आमच्या दुकानाच्या जागी मोबाईलची कव्हरं लटकताहेत, गुलाबी, चमकीची. शेजारी पडद्याचं कापड. चिंचेचा वास कुठेच नाही, तळलेल्या मोमोंचा आहे. भांड्यांचं म्हणावं असं एकच दुकान राहिलंय, आण्णांचे जुने दोस्त बाळूकाका, त्यांच्या मुलाचं, रमेशचं. तांब्याच्या पाण्याच्या बाटल्या विकतो, यंत्रावरच्या.

त्याने मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला, आण्णांची चौकशी केली. मी माझा बेत सांगितला. तो मान खाली घालून बाटलीचं झाकण फिरवत बसला.

"आण्णांना नाही कोण म्हणेल, ताई? ते बसले तर दुकानाला शोभा येईल. पण वरती आता क्लास निघालाय, बारावीच्या पोरांचा. आवाज चालत नाही. आम्हीच आमचं यंत्र सातपूरला, कारखान्यांकडे हलवलं."

"थोडा वेळ फक्त. सकाळचा."

"सकाळीच बॅचेस असतात हो." मग त्यालाच वाईट वाटलं. "पाठवा त्यांना असंच भेटायला. गप्पा मारू."

त्यांना ऐकू येत नाही रे, असं म्हणणार होते, नाही म्हटलं. चहा पिऊन उठले. आळीत आवाज चालत नाही, हे वाक्य माझ्याबरोबर रिक्षात बसून घरापर्यंत आलं.

घरी पोचले तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. आण्णा बाल्कनीत बसले होते, परात भिंतीला टेकवलेली. खाली मुलं खेळत होती. मी रिक्षात शब्द जुळवून ठेवले होते, मऊ, आडवळणाचे. त्यांच्याजवळ खुर्ची ओढली आणि माझ्या नेहमीच्या, शुभाकडून उचललेल्या आवाजात म्हटलं, "आण्णा, सकाळी जरा कमी वाजवाल का?"

"काय?"

"सकाळी. परात. लोकांना त्रास होतो."

"बसते काय म्हणतेस? बस की, बसलीच तर आहेस."

मी पुन्हा सांगितलं. पुन्हा "काय?" तिसऱ्यांदा माझा तोल गेला. इतकी वर्षं पोटात दाबून ठेवलेला आईचा आवाज माझ्या तोंडातून बाहेर पडला, जसाच्या तसा, आळीच्या मापाचा. "आण्णा, आवाज करू नका! लोकांना त्रास होतो!"

खालची मुलं खेळायची थांबली. समोरच्या इमारतीत कुणीतरी पडदा बाजूला केला. आवाज करू नका हे मी आख्ख्या कॉलनीला ऐकवलं होतं. आता कुठे तोंड लपवू असं झालं.

आण्णांना मात्र ऐकू आलं. ते म्हणाले, "बरं."

एवढंच. गुडघ्यावर हात रोवून उठले, परात उचलली, आत नेली आणि पलंगाखाली सरकवली. हातोडी फडक्यात गुंडाळून देवांच्या मागे ठेवली. मी म्हटलं, अहो राहू द्या तिथेच, पण ते हळू म्हटलं, त्यामुळे माझं मलाच ऐकू आलं. परत येऊन बसले. रागावलेले नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"तुझ्या मॅट्रिकला आपण असंच केलेलं," ते म्हणाले.

मला कळेना. मी भुवया उंचावल्या.

"तू वर माळ्यावर अभ्यासाला बसायचीस. कानात कापूस घालून. मी एकदा बघितलं. मग दुपारचा हातोडा बंद ठेवला. परीक्षा होईपर्यंत. पहाटे उठून भरून काढायचो."

मला त्या दुपारी आठवल्या. पोटमाळ्यावरचा झरोका, पुस्तकावर पडलेलं ऊन, भूगोलाचे नकाशे. मला इतकी वर्षं वाटत होतं की त्या वर्षी आण्णांना काम कमी मिळालं होतं. मैत्रिणींना तसं सांगितलंही होतं, की आमचा धंदा बसत चाललाय, बरं झालं.

"पहिल्या दिवशी सगळी आळी आली दारात," आण्णा हसायला लागले. "आपला ठोका थांबला ना! कोण गेलं, कोण गेलं. तुझी आई म्हणाली, कोणी नाही गेलं, पोरगी शिकतेय. तुझ्या आजोबांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, जितं घर गप्प ठेवू नये, अभद्र असतं. मी म्हटलं असू द्या. रोज कुणी ना कुणी विचारायचंच. बाळू तर मुद्दाम यायचा. रोज सांगायचो, पोरगी शिकतेय." त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, हसून आलेलं पाणी होतं की काय कोण जाणे. "आता इथं सोपंय. इथं कोणी विचारायला येत नाही."

हे सगळं ते त्यांच्या रोजच्या आवाजात सांगत होते, म्हणजे बी विंगमध्ये ज्याला ज्याला कान आहेत त्या सगळ्यांना. शेजारचा टीव्ही कधी बंद झाला ते मला कळलं नव्हतं. खालून कुणीतरी मान वर करून बघत होतं. माझे कान गरम झाले होते, पण ते लोकांमुळे नव्हतं. आई दारात उभी राहून ओरडून आळीला सांगते आहे, पोरगी शिकतेय, आणि मी माळ्यावर कापूस घालून बसलेली. मला काही ऐकूच आलेलं नव्हतं.

आण्णांशी बोलायचं तर ओरडावं लागतं. मला जे म्हणायचं होतं ते ओरडून म्हणण्यासारखं नव्हतं. त्यांच्या हातावर हात ठेवून भागेल असं वाटलं, म्हणून ठेवला. घट्टे अजून तसेच आहेत. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काय?"

"उद्या वाजवा," मी म्हटलं.

"काय?"

मी खुर्चीवरून उठले, कठड्याला पाठ लावली, आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात पुन्हा म्हटलं.